एका हाताचा बर्गर

बायकोला बर्गर खायचा होता आणि तिच्याकडे हात एकच होता. म्हणजे हात दोन्ही जागेवर होते, पण उजवा कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढायला गेली आणि डब्यासकट खाली आली. डबा धड राहिला.

(डॉक्टरांनी घातलेलं ते प्लास्टर मला काही पसंत पडलं नाही. मी जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. कडा सरळ नव्हत्या, मनगटाजवळ पोट आलं होतं. मी तसं हळूच बोललोही. डॉक्टर म्हणाले, "काका, हे भिंतीला नाही, हाताला घातलंय." पण भिंतीला कुणी असं करून दिलं असतं, तर मी ते उतरवायला लावलं असतं.)

तर बर्गर. ही दोन हातांनी धरायची वस्तू आहे, हे मला तेव्हा कळलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी एक आणून दिला. तिने तो डाव्या हाताने दाबून धरला आणि पुढून चावा घेतला, तशी आतली टिक्की मागून निघाली आणि तिच्या मांडीवर जाऊन बसली. मी म्हटलं, "थांब, मी भरवतो."

"मी काय तान्हं बाळ आहे?" असं म्हणून तिने ताटली सरकवली. त्यानंतर भूकच नाही म्हणायला लागली. मला फक्त चहा आणि टोस्ट करता येत होता. तिला टोस्ट एका हाताने धरता येत होता. असे आमचे दिवस चालले होते.

मग मुलीचा फोन आला.

"बाबा, आई काय जेवली?"

"टोस्ट."

"आणि काल?"

माझी जीभ मुळातच सावकाश चालते. पटकन खोटं बोलायचं तर मला आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. मी म्हटलं, "कालही टोस्टच. पण जरा जास्त भाजलेला."

त्यावर ती म्हणाली, "मी रविवारी येते आणि आईला घेऊन जाते. प्लास्टर निघेपर्यंत माझ्याकडे राहील."

"आणि मी?"

"तुम्ही टोस्ट खा."

बायकोला सांगितलं, तर ती खिडकीकडे बघत म्हणाली, "जाते. तुमची तरी सुटका होईल." आणि चहाचा कप टेबलावर ठेवला.

आता या टेबलाबद्दल सांगायला हवं. आमच्या स्वयंपाकघराची फरशी मी स्वतः बसवली आहे. तिला मोरीकडे जरा उतार आहे. पाणी निघून जावं म्हणून तो मी मुद्दाम दिला, असं मी म्हणतो. स्वयंपाकघरात काय नदी येणार आहे का, असं ती म्हणते. त्या उतारामुळे टेबलाचा एक पाय अधांतरी राहतो, टेबल डुगडुगतं आणि कप भरलेला असला की बशीत चहा सांडतो. लग्न झालेल्या मुलीच्या वयाचं हे भांडण आहे. चहा सांडला की तिने बोलायचं आणि मी ऐकायचं. त्या दिवशी टेबल डुगडुगलं, चहा सांडला आणि ती काहीच बोलली नाही. सांडलेल्या चहाकडे नुसती बघत राहिली.

मी ठरवलं, रविवारी मुलीसमोर हिने स्वतःच्या हाताने, पोटभर आणि आवडीचं जेवायचं. म्हणजे मुलगी हिला नेणार नाही. इतकं साधं ठरवलं होतं.

शेजारी एक नर्स राहते. जिन्यात भेटली तेव्हा मी तिला अडचण सांगितली. ती हसून म्हणाली, "मिस्त्रीकाका, बर्गर वाडग्यात करा की. हल्ली बर्गर-बाउल म्हणतात त्याला. खाली तळलेल्या बटाट्याच्या फोडी, त्यावर सॅलडची पानं, कांदा, टोमॅटो, काकडी. खिमा मोकळा परतून वर घालायचा. मग चीज, सॉस, पावाचे कुरकुरीत तुकडे. काकूंनी डाव्या हाताने चमच्याने खायचं."

"खिमा मोकळा?"

"मोकळा."

"बांधायचा नाही?"

"कशाला बांधायचा? खाली वाडगा आहे ना धरायला."

मी मान डोलावली, पण मनाला पटलं नाही. शिकलेली मुलगी आहे, सुया टोचण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. पण सिमेंट-वाळूचा माल मोकळा तसाच सोडून घरी गेलेला गवंडी मी अजून पाहिलेला नाही. जे बांधलेलं नाही ते पडणार, हे मी जन्मभर बघत आलो. एकदा मांडीवर पडलेलं मी पाहिलंही होतं.

शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. खिमा घेतला आणि त्यात कॉर्नफ्लोर घातलं. मालाची खूण अशी असते की मूठ दाबली की गोळा व्हावा आणि हाताला चिकटू नये. हा चिकटत होता. आणखी कॉर्नफ्लोर घातलं. आता तो फुटायला लागला. म्हणून अंडं घातलं. पुन्हा चिकटला. पुन्हा कॉर्नफ्लोर. वाळूच्या जागी पावाचा चुरा घातला. पुडा रिकामा झाला तेव्हा मूठ बरोबर बसली.

बाहेरून आवाज आला, "अहो, काय करताय?"

"काही नाही."

"काही नाहीचा इतका वास?"

नमुन्याची एक टिक्की थापून तव्यावर चांगली भाजली. ती हातातून निसटून फरशीवर पडली. फुटली नाही. मला फार बरं वाटलं. (इथेच मी थांबायला हवं होतं, असं पुढे सगळ्यांनीच सांगितलं.) ती मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली आणि बाकीच्या तशाच केल्या.

मग तीन वाडगे घेतले, चिनी मातीचे. खाली बटाटे, त्यावर पानं, मग टोमॅटो आणि कांदा. त्यावर टिक्क्या अशा बसवल्या की मध्ये फट राहू नये. जिथे राहिली तिथे उरलेला खिमा भरला. चीज पसरलं आणि वरून पावाचे तुकडे ओळीत लावले, विटांसारखे, सांध्यावर सांधा येऊ न देता. सगळं थापीने दाबून घेतलं. (थापी नवी होती आणि उकळत्या पाण्याने धुतली होती. तरी हे बायकोला सांगायची गरज नव्हती.) शेवटी डोळा टेकवून लेव्हल बघितली. वर ठेवून पाहिलेल्या वाटीतला सॉससुद्धा थरथरत नव्हता. रात्रभर बसू दिलं.

सकाळी उठलो आणि हात आपोआप तांब्याकडे गेला. ताज्या कामावर पाणी मारायचं ही सवय अशी कुठे जाते? तिन्ही वाडग्यांवर सारखं पाणी शिंपडलं. ते कडेकडेने आत झिरपलं. काम चांगलं पाणी पितंय असं वाटलं, म्हणून आणखी थोडं मारलं. मुलगी यायच्या वेळेला वाडगे ओव्हनमध्ये ठेवले. मुलीची बस चुकली. ती पुढच्या बसने आली. वाडगे आतच होते.

ती आली ती रिकामी बॅग घेऊन. दाराशी ठेवली. मोठी बॅग होती. माझं लक्ष सारखं तिकडेच जात होतं.

टेबलाशी तिघं बसलो. वाडगे बघून मुलीच्या भुवया वर गेल्या. "बाबा, हे तुम्ही केलंत? दुकानातल्यासारखं दिसतंय."

"बर्गर आहे," मी बायकोला म्हटलं. "एका हाताचा."

तिने माझ्याकडे बघितलं. काटा मात्र डाव्या हातात लगेच घेतला. तिने काटा खुपसला.

टक्.

पुन्हा खुपसला. टक् टक्. दारावर कुणी आलंय असं वाटून मी अर्धा उठलोही.

मुलगी म्हणाली, "आई, तुला डाव्या हाताने जमत नाहीये. थांब." आणि तिने आपल्या वाडग्यात दोन्ही हातांनी काटा दाबला. काट्याचा एक दात वाकला.

दाराशी बॅग उभी होती.

"बाबा, यात काय घातलंय?"

"कॉर्नफ्लोर."

"किती?"

"लागलं तितकं."

बायको वाडग्यावर वाकली. डोळे बारीक करून तिने आधी या कडेने बघितलं, मग त्या कडेने. "लेव्हल मात्र छान आली आहे," ती म्हणाली.

"हो ना," मी म्हटलं. मला खरंच बरं वाटलं होतं.

"स्वयंपाकघराच्या फरशीपेक्षा कितीतरी छान. मी म्हणते, हे जर येत होतं, तर तेव्हा काय झालं होतं? नदी यायची होती म्हणून उतार दिलात. आता वाडग्यात नदी येणार नाही का?"

"आई," मुलगी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. जन्मभर मी सांडलेला चहा पुसतेय. आणि हे बघ, विटा कशा लावल्यात. सांध्यावर सांधा नाही. अहो, हे जेवायचं आहे की यात राहायला जायचंय?"

ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. किती दिवसांनी. मी मान खाली घालून बसलो, कारण मला हसू येत होतं आणि ते दिसलं असतं तर ती थांबली असती.

"आता बसलात काय? छिन्नी आणा."

मी छिन्नी-हातोडी आणली, धुतली आणि मधोमध बारीक ठोका दिला. वरचं कवच सरळ दुभंगलं. एक तुकडा उडून मुलीच्या बॅगेवर जाऊन आपटला. बायको हसायला लागली. हसताना प्लास्टरचा हात हलायला लागला, म्हणून तिने तो डाव्या हाताने धरला आणि तरी हसतच राहिली. मुलगीही हसली. मी दुसऱ्या वाडग्यावर ठोका दिला.

कवचाखाली माझ्या पाण्याने आपलं काम केलेलं होतं. बटाटे, टोमॅटो, पानं, वितळून खाली उतरलेलं चीज, सगळं एकजीव आणि मऊ झालं होतं. त्याला बर्गर म्हणायला धाडस लागलं असतं. बायकोने त्यावर वाटीतला सॉस ओतला, चमचा डाव्या हातात धरला आणि खायला लागली. अर्धं तोंडात, थोडं पदरावर. कुणाला भरवू दिलं नाही. आपला वाडगा संपवून तिने मुलीचा ओढला.

मुलगी बघत होती. शेवटी म्हणाली, "चल आई, बॅग भरू या."

"मी कशी येऊ?" बायको म्हणाली. "हा माणूस एकटा राहिला तर स्वयंपाक करेल."

"अगं, मग करू दे की."

"आणि केला तर खाईल. कुणीतरी अडवायला नको?"

मुलीने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि खुर्चीला पाठ टेकली. "ठीक आहे. राहा. मी डबे पाठवते. पण बाबा, तुम्ही गॅसला हात लावायचा नाही. डब्यातलं बारीक करून वाडग्यात घालायचं, एवढंच."

"फोडायचं काम त्यांना चांगलं येतं," बायको म्हणाली.

संध्याकाळी मुलगी गेली. बॅग भरून गेली. तिने तीत माझी थापी, छिन्नी, हातोडी आणि फळीवर सापडलेला कॉर्नफ्लोरचा दुसरा पुडा घातला होता.

नमुन्याची टिक्की तेवढी तिच्या नजरेतून सुटली. मी ती पक्ष्यांसाठी बाहेर ठेवली. कावळ्याने दोनदा चोच मारून पाहिली आणि तो चोच कठड्यावर घासत बसला. शेवटी बायकोने ती आत मागवली, उलटसुलट करून बघितली आणि मला टेबलाच्या त्या अधांतरी पायाखाली सरकवायला लावली. अगदी मापाची बसली.

डॉक्टरांचं प्लास्टर यथावकाश निघालं. माझी टिक्की अजून आहे. घरी कुणी आलं की बायको आता दोन्ही हातांनी टेबल हलवून दाखवते, ते हलत नाही, आणि मग टेबलाखाली बोट दाखवून सांगते, "यांनी या घरात एवढं बांधकाम केलं, पण टिकलेलं काम हे एकच."