वाळूवरची करवंद

रसूलभाईंनी रेल्वेत मुकादम म्हणून उभा जन्म घाटातले रूळ सरळ ठेवण्यात घालवला, आणि निवृत्त झाल्यावर लोणावळ्यात अशी बाग लावली की तिच्यात एकही ओळ सरळ नव्हती. लावली तीही आमच्या कुंपणापलीकडच्या वाळूवर. घाट चढताना इंजिनांची चाकं घसरू नयेत म्हणून ती वाळू कधीकाळी आणून टाकलेली. बाग म्हणजे गुलाब-मोगरा असं समजू नका. करवंद, तोरण, कुडा, म्हणजे शेतकरी बांधावरून उपटून फेकतो ते सगळं हे गृहस्थ मुळांना माती बांधून डोंगरातून आणायचे.

मी पडलो शाळामास्तर. पौषात कोणी रोपं लावतं का, पावसाळ्यापर्यंत थांबा, असं मी बजावलं.

"थांबाया येळ न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "उन्हाळ्याच्या आत मूळ धराया पायजे."

वाळूत पाणी ठरत नाही, म्हणून प्रत्येक रोपाशी त्यांनी बुडाला भोक पाडून चिंधी लावलेलं मडकं पुरलं होतं. रोज सकाळी ते भरताना रोपाला सांगायचे, "दमानं पी, बाबा."

एकदा ते वडगावला गेले असताना माझ्यातला मास्तर उफाळून आला. ऐन वाटेत आलेली एक करवंद मी उपटली आणि दोरी धरून ओळीत लावली.

परत आल्यावर ते रागावले नाहीत. वाळूवर मटकन बसले. "आता इहिरीपाशी वळायचं कसं तिनं?"

मग कळलं. त्यांच्या बायकोचं, फातिमामावशीचं, माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. आता तिची नजर चाललेली. पावसाळ्यानंतरचा भरवसा डॉक्टर देत नव्हते. ही वाकडी बाग म्हणजे तिच्या माहेरची विहिरीकडे जाणारी पाणंद होती, झुडपाच्या जागी झुडूप; आणि मी उपटलेली करवंद म्हणजे विहिरीपाशी वळायची खूण.

"डोळं हायेत तवर पायांना वाट शिकवायची," रसूलभाई म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करवंद पुन्हा जागेवर लावली. फाल्गुनभर माझी छत्री तिच्यावर होती आणि मी उघड्या डोक्यानं शाळेत जात होतो. पोरं हसली. हसू देत.

चैत्रात करवंदीला दोन फुलं आली. मावशी नवऱ्याचा हात धरून वाटेनं आली, पानं चाचपली, थांबली आणि न सांगता डावीकडे वळली.

"अवो, कडंनं चला," ती म्हणाली. "हितं शेवाळ लय हाय."

रसूलभाई त्या कोरड्या वाळूवरून जपून कडेनं गेले. त्यांच्यामागून मीही तसाच गेलो.