कुकी नष्टीकरण समिती

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी दहा वाजता होतं. सोबत घरचं माणूस नसेल तर टेबलावर घेणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घरचं माणूस म्हणजे मी. मला एका दिवसाची रजा हवी होती. कामाला गती यावी म्हणून आमच्या कार्यालयाने रजेचे कागदी अर्ज बंद केले आहेत. अर्ज संकेतस्थळावर भरायचा, तोही विभागातल्या एकुलत्या एका संगणकावरून.

सोमवारी अर्ज भरला. 'पाठवा' दाबलं की पान कोरं व्हायचं आणि पुन्हा नाव विचारायचं. अकरा वेळा नाव सांगून झाल्यावर मी तंत्रज्ञाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"कुकीज साठल्यात," तो जांभई देत म्हणाला. "ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जा, प्रायव्हसी उघडा आणि सगळ्या डिलीट करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"कुकीज म्हणजे काय हो?" मागे उभ्या असलेल्या हेडक्लार्कनी विचारलं.

"तुम्ही कुठल्या साइटवर गेलात, त्याच्या बारीकसारीक नोंदी."

हेडक्लार्कनी माझ्या हातातून माउस काढून घेतला. "नोंदी अशा परस्पर उडवता येत नाहीत. नष्टीकरण नोंदवही कशाला आहे? अनुक्रमांक, वर्णन, कारण, समितीच्या तीन सह्या. तीस वर्षांत माझ्या हातून एक चिठोरं बेकायदा फाटलेलं नाही."

"अहो, गुरुवारी आईचं ऑपरेशन आहे."

"म्हणूनच म्हणतो, आजच लिहायला बसा."

बसलो. मंगळवार संध्याकाळपर्यंत एक हजार आठशे बासष्ट कुक्या वहीत उतरवल्या. प्रत्येकीपुढे कारण लिहिलं, 'आईचा डोळा'. हेडक्लार्कनी ते खोडून 'प्रशासकीय निकड' करायला लावलं. बुधवारी साहेब कामकाजातील तत्परता या विषयावरच्या प्रशिक्षणाला गेले होते, त्यामुळे समिती बसली ती गुरुवारी साडेनऊला. साहेब, हेडक्लार्क आणि टायपिस्टबाई. रुग्णालय पाच मिनिटांवर होतं. सह्या झाल्या की अर्ज टाकायचा आणि पळायचं, असा माझा बेत.

पण नष्ट करण्याआधी प्रत्येक नोंद मोठ्याने वाचायची असा नियम निघाला. बाराव्या क्रमांकावर पुरुषांच्या केसांच्या टोपांचं दुकान लागलं. हेडक्लार्कनी डोक्यावरून हलकेच हात फिरवला. "मेहुण्यासाठी बघितलं होतं," ते म्हणाले. एकोणतिसाव्यावर नोकरी शोधून देणारी साइट होती. 'अधिकारी वर्ग'. साहेब खिडकीबाहेर बघू लागले. सदतिसावी कुकी वरिष्ठांविरुद्धच्या निनावी तक्रारींचे नमुने पुरवणाऱ्या साइटची निघाली. टायपिस्टबाईंनी पर्स उघडली आणि बंद केली.

"हा पुरावा आहे. नष्ट करता येणार नाही," साहेब म्हणाले.

"ठेवताही येणार नाही, साहेब. त्यात एकोणतीस नंबर आहे," टायपिस्टबाई म्हणाल्या.

साहेबांनी बराच विचार करून निर्णय दिला. चौकशी होईपर्यंत संगणक सील करून कपाटात ठेवावा. तोवर कोणीही रजा मागू नये.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"तू येऊ नकोस बाळा," आई म्हणाली. "शेजारच्या काकूंनी माझी सख्खी बहीण म्हणून सही ठोकलीय. आत नेताहेत मला. तू काही खाल्लंस का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून चालू पडायला मला कोणी धरलेलं नव्हतं. तरी मी बसून राहिलो आणि कपाटाला लावायचं लाखेचं सील हेडक्लार्कच्या हातात दिलं.

तुम्ही हसताय. हसा. आज सकाळपासून तुम्ही किती साइटवर कुक्यांसाठी 'सगळं मान्य' दाबलंत आणि कशाकशाला मान्यता दिलीत, सांगता येईल? आम्ही निदान सदतीस तरी वाचल्या. आणि हे वाचत बसायला तुम्हाला वेळ आहे त्या अर्थी, आज तुमची कुठे कोणी वाट बघत नसणार, असं मी धरून चालतो.