आप्पासाहेबांची हवाई पाणीमागणी

शासनदरबारी मागणीचं वजन ती मागणी किती खरी आहे यावर ठरत नाही, ती कोणत्या वाहनातून आली यावर ठरतं. पोस्टाने आलेली मागणी टपालाच्या गठ्ठ्यात जाते. यष्टीने आलेली व्हरांड्यातल्या बाकावर बसते. जीपमधून उतरलेल्या मागणीला खुर्ची आणि क्वचित चहाही मिळतो. विमानातून आलेल्या मागणीचं काय होतं, हे मात्र १९७२ सालापर्यंत नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात कोणाला ठाऊक नव्हतं. कारण तोवर या तालुक्यातून जे वर गेले, ते कायमचेच वर गेले होते.

ही उणीव भरून काढण्याचं श्रेय मिरजगावजवळच्या चिंचोरवाडीचे सरपंच आप्पासाहेब यांच्याकडे जातं.

त्या साली पावसाने सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. गुरं छावणीत गेली होती, माणसं खडी फोडायला जात होती आणि वाडीच्या एकुलत्या एका विहिरीच्या तळाशी पाणी झिरपेल तेवढंच होतं. मालनबाई नावाची अंगाने हलकी बाई दोराला धरून विहिरीत उतरायची आणि कपारीला वाटी लावून बसायची. वाटी भरली की घागरीत, घागर भरली की वर. घागरीमागे अर्धी सकाळ जायची. (कागदोपत्री या प्रकाराला 'टंचाईसदृश परिस्थिती' म्हणत. 'सदृश' हा शब्द फार दिलासा देणारा आहे. मालनबाईला तो कोणी समजावून सांगितला नव्हता, एवढंच.)

अशात बातमी आली की जमिनीत भोक पाडून पाणी काढणारं बोअरिंगचं मशीन तालुक्यात येणार आहे. मशीन एकच, आणि ते एकाच गावात भोक पाडून पुढच्या जिल्ह्यात जाणार. गाव कोणतं, ते मुंबईला सचिवालयात बसणारे उपसचिव शामकांत वैशंपायन ठरवणार होते. अर्ज दोनच गावांचे होते. एक चिंचोरवाडीचा. दुसरा शेजारच्या पिंपळदऱ्याचा, म्हणजे तिथले सरपंच काकासाहेब यांचा. काकासाहेब हे आप्पासाहेबांचे सख्खे मावसभाऊ असल्यामुळे दोघांचं बोलणं अर्थातच बंद होतं.

काकासाहेब साहेबांना भेटायला मुंबईला निघालेत, दौंडपर्यंत यष्टीने आणि पुढे रेल्वेने, असं कळताच आप्पासाहेबांनी पारावर बैठक बोलावली.

"काकासाहेब यष्टीनं चाललाय," आप्पासाहेब म्हणाले. "मग आपन कशानं जायाचं?"

"आपन बी यष्टीनंच," रंगनाथ म्हणाला. रंगनाथ हा गावातला सरळ विचार करणारा माणूस, म्हणून त्याला बैठकीत मागे बसवत असत.

"मग आपल्यात आन् त्याच्यात फरक काय ऱ्हायला?"

ग्रामसेवक मार्तंडराव कुलकर्णी हे चार बुकं शिकलेले आणि पुण्यात मेहुणा असलेले गृहस्थ. त्यांनी माहिती पुरवली की लोहगावहून मुंबईला विमान जातं, पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि संध्याकाळी त्याच विमानाने परत येता येतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत! मिरजगावच्या बाजारालाही याहून जास्त वेळ लागत असे. आता, वाडीपासून लोहगावला पोचायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो, आदल्या दिवशीच निघून मेहुण्याकडे मुक्काम करावा लागतो, आणि एवढ्या वेळात माणूस यष्टीने आणि रेल्वेने मुंबई गाठून अंघोळही उरकतो, असा हिशेब रंगनाथने मांडून पाहिला. पण विमानात वेळ वाचतो ही गोष्ट एकदा मान्य झाल्यावर एकूण किती वेळ लागतो हा प्रश्न गैरलागू ठरतो. ठराव एकमताने मंजूर झाला.

साहेब त्या दिवशी जागेवर आहेत का, हे मिरजगावच्या पोस्टातून एक ट्रंक कॉल लावला असता तर कळलं असतं. मार्तंडरावांनी तसं सुचवलंही. पण ट्रंक कॉल करून आलेल्या माणसाचा सत्कार होत नाही, हे आप्पासाहेबांना पक्कं ठाऊक होतं, आणि सत्कार समिती तर त्याच बैठकीत नेमून झाली होती.

मोठ्या प्रवासाला निघालेल्या माणसाला वेशीपर्यंत पोचवायला जायची आपल्याकडे रीत आहे. यष्टीने जाणाऱ्याला फाट्यापर्यंत पोचवतात, रेल्वेने जाणाऱ्याला स्टेशनापर्यंत. विमानाने जाणाऱ्याला विमानतळापर्यंत पोचवायचं, हे ओघानेच आलं. साखर कारखान्याचे दोन ट्रक उसाअभावी उभेच होते, ते मिळाले. नेमकं कोणी जायचं यावर भांडण झालं आणि गावात शांतता राहावी म्हणून सगळ्यांनीच जायचं ठरलं. लेकरं, म्हातारी माणसं, हलगीवाला, भजनी मंडळ, सगळे ट्रकमध्ये चढले. खडीच्या कामावर त्या दिवसांचे खाडे पडले. ते दुष्काळाच्या खात्यात गेले.

मागे राहिल्या फक्त आप्पासाहेबांच्या मंडळी, गोजरबाई. परत आलेल्या माणसाला दारात ओवाळायला आणि पायांवर पाणी घालायला घरी कोणीतरी हवंच. त्यासाठी मालनबाईने गावाचं पाणी काढून झाल्यावर दोन दिवस विहिरीत जादा बसून एक घागर भरून ठेवली होती. घरात तेवढंच पाणी होतं.

"जपून वापरा," जाताना आप्पासाहेबांनी बजावलं.

"वापरायला काय, मला का इमानात बसायचंय?" गोजरबाई म्हणाल्या.

लोहगावच्या विमानतळावर एवढा जनसमुदाय पूर्वी आला नसावा. तिथल्या पोलिसाने हलगी थांबवायला लावली, तेव्हा भजन सुरू झालं. मालनबाई मात्र भजनात नव्हती. ती बाहेरच्या एका नळापाशी उभी होती. नळ टपटपत होता. तिने तो घट्ट पिळून बंद केला आणि पुन्हा गळायला लागतो की काय म्हणून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. कोणी हाक मारली तरी ती तिथून हलेना.

आप्पासाहेब विमानात चढले तेव्हा त्यांच्या गळ्यात झेंडूचे नऊ हार होते आणि काखेत अर्ज. यष्टीत पुढची बाकडी आमदारांसाठी राखून ठेवलेली असतात, तेव्हा इथेही पुढे सरपंचांची काही सोय असेल, या समजाने ते थेट पुढे गेले. हवाईसुंदरीने नम्रपणे सांगितलं की या विमानात सगळ्या खुर्च्या सारख्याच आहेत. आप्पासाहेबांना फार वाईट वाटलं. एवढ्या पैशात सगळ्यांसारखंच बसायचं असेल तर माणसाने विमानाने जायचं तरी कशासाठी? मग त्याच बाईने तबक पुढे धरलं, त्यात कानात घालायचा कापूस आणि लिमलेटच्या गोळ्या होत्या. आप्पासाहेबांनी कापूस अत्तराचा समजून हुंगला आणि गोळ्या खिशात टाकल्या. तबक दुसऱ्यांदा आलं तेव्हाही टाकल्या. तेवढ्यात मुंबई आली.

सचिवालयात साहेबांच्या दाराशी काळसर, शांत चेहऱ्याचा शिपाई बसला होता. आप्पासाहेबांनी आपण विमानाने आल्याचं त्याला दोनदा सांगितलं.

"साहेब नाहीत," शिपाई म्हणाला. "दौऱ्यावर गेलेत."

"कुठं?"

"नगर जिल्ह्यात. कुठल्याशा दोन गावांनी पाणी मागितलंय म्हणे. साहेब म्हणाले, कागदावर विश्वास नाही, स्वतः जाऊन बघतो. काल रात्री नगरच्या डाकबंगल्यावर उतरलेत. आज सकाळी तिकडंच निघाले असतील."

आप्पासाहेब बाकावर बसले. बाक व्हरांड्यातला होता. विमानाने आलेली मागणीसुद्धा शेवटी त्याच बाकावर बसते, हा शोध त्यांनी लावला खरा, पण पुढे कुठल्याही भाषणात सांगितला नाही. गावात साहेब येणार आणि गावात कोण आहे, याचा विचार करताना त्यांना पहिल्यांदा घाम फुटला. सगळं गाव लोहगावला होतं. विहीर दाखवायलासुद्धा कोणी नव्हतं. मग त्यांना गोजरबाईंची आठवण झाली आणि त्यांच्या जिवात जीव आला. बोलायला गोजरबाई कोणाच्या बापाला ऐकणाऱ्या नव्हत्या. त्या साहेबाला बरोबर सुनावतील. अर्ज आवकेत देऊन, त्यावर शिक्का घेऊन, आप्पासाहेब संध्याकाळच्या विमानाने परतले. मुंबईत त्यांनी याखेरीज एक केळं खाल्लं.

रात्री गाव पुण्यात धर्मशाळेत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर, ट्रक वाडीत शिरले. हलगी कडाडली. आप्पासाहेब दारात उभे राहिले. गोजरबाईंनी कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ताट खाली ठेवलं.

"पायावर पानी?" आप्पासाहेबांनी हळूच विचारलं.

"न्हाई."

"न्हाई म्हंजी? घागर हुती की भरल्याली."

"पावना आल्ता," गोजरबाई म्हणाल्या. "जीपमधनं. मुंबईचा साहेब. उन्हानं लालेलाल झाल्याला. म्हनला, बाई, गावात कुनी न्हाई का? मी म्हनलं, समदी इमानाला गेल्यात. म्हनला, घोटभर पानी मिळंल का?"

हलगी थांबली.

"आन् तू दिलंस?"

"मग काय राकेल दिऊ? दारात आलेल्या पावन्याला न्हाई म्हनू? तांब्या दिला. त्यानं पेला. दुसरा दिला. त्यो बी पेला. म्हनला, लई गार पानी हाय. मग त्याचा डायवर पेला. मग साहेबानं त्वांड धुतलं. मग पाय धुतले. आपल्या घरात सरपंचकी हाय, घागर तिरपी करून वतली, कमी पडू दिलं न्हाई."

"आगं, पन त्यानं टंचाईचं इचारलं असंल की!"

"इचारलं. म्हनला, पान्याचं कसं काय? मी म्हनलं, साहेब, देवाच्या दयेनं भागतंय. पावन्यापुढं रडगाणं गायाचं व्हय? तुमची अब्रू गेली असती."

आप्पासाहेबांना राग आला होता, पण तो कुठे ठेवावा हे कळेना. कारण त्या वेळी ते स्वतः दारात असते तर त्यांनीही तांब्याच पुढे केला असता, आणि शिवाय गूळ दिला असता. मालनबाई रिकाम्या घागरीजवळ गेली, आत डोकावली आणि ती उचलून विहिरीकडे चालू लागली.

साहेब इथून पिंपळदऱ्याला गेले होते. तिथले सरपंच काकासाहेब यष्टीने गेल्यामुळे त्यांना पोचवायला फाट्यापर्यंतसुद्धा कोणी गेलं नव्हतं आणि सगळं गाव विहिरीवर हजर होतं. (काकासाहेब स्वतः दौंडला गाडी चुकून फलाटावर बसले होते. गावाचं भलं व्हायला सरपंच गावात असावा लागतो, हा समज यामुळे कायमचा खोटा ठरला.) तिथे बायकांची एकमेकींशी इतकी जुंपली होती की साहेब आल्याचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. कडूबाई नावाच्या म्हातारीने त्यांना घागरीला हात लावू दिला नाही. "रांगंत ये," म्हणाली. दोन तांबे रिचवून आलेल्या साहेबांना उन्हात पुन्हा तहान लागली आणि दीड तास उभं राहूनही पाणी मिळालं नाही. तहानलेला अधिकारी फार जलद निर्णय घेतो. मशीन पिंपळदऱ्याला मंजूर झालं.

चिंचोरवाडीच्या वाट्याला पंधरा दिवसांनी कागद आला. मार्तंडरावांनी तो पारावर वाचून दाखवला: "सदर गावी समक्ष पाहणी केली असता गाव बहुतांशी स्थलांतरित झाल्याचे दिसून आले. वसती असलेल्या एकमेव घरी पाणी मुबलक, थंड व रुचकर आढळले. निम्नस्वाक्षरीकाराने हातपायही धुतले. सबब मागणी निकाली काढण्यात येत आहे."

"रुचकर म्हनलाय," रंगनाथ मागून म्हणाला.

सत्कार मात्र झाला. नेमलेली समिती मोडता येत नाही, आणि तालुक्यातून विमानाने जाऊन जिवंत परत आलेला माणूस दुसरा नव्हता. मांडव घातला. भोवतालच्या गावांतून माणसं आली. त्यांना प्यायला पाणी पिंपळदऱ्याच्या नव्या बोअरवरून बैलगाडीने आणलं, ते काकासाहेबांनी नात्याखातर दिलं. आप्पासाहेब दीड तास बोलले. ढग खालून कसे दिसतात आणि वरून कसे, हे त्यांनी हात वर-खाली करून दाखवलं. खालून बघितलेल्या ढगातही पाणी नव्हतं आणि वरून बघितलेल्यातही नव्हतं, असं ते एकदा बोलून गेले. लोकांना तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या. पुढच्या निवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले.

आजही ही हकीकत कुठे सांगितली की ऐकणारे एकेक प्रश्न विचारतात. तिकीट केवढ्याचं होतं? हवाईसुंदरी दिसायला कशी होती? झेंडूच्या हारांसकट आत कसं बसू दिलं? सगळे प्रश्न रास्त आहेत. शेवटची घागर पाहुण्याच्या पायांवर ओतून झाल्यावर, मालनबाई पुण्यात, शेजारीपाजारी पुण्यात, उसनं पाणी मागायला सबंध वाडीत एक माणूस नाही, अशा त्या दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत गोजरबाई काय प्यायल्या, हे मात्र अद्याप कोणी विचारलेलं नाही. आप्पासाहेबांनीही नाही. वाचता वाचता आपल्यालाही हा प्रश्न पडला नसेल, तर संकोच करू नये. चिंचोरवाडीच्या सत्कार समितीत दोन जागा रिकाम्या आहेत.