तेरा रामबाण आणि एक साधं

मुरूमच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या चन्नबसप्पांच्या अंगठ्याला परातीची कड लागली, तेव्हा त्यांनी नेहमीचंच केलं. फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला, हाताला लागली ती गोळ्यांची पट्टी घेतली आणि त्यातल्या दोन पाण्याबरोबर गिळल्या.

घरातल्या प्रत्येक दुखण्यातून उरलेल्या गोळ्या त्या डब्यात जमा होत. जरा बरं वाटलं की औषध बंद, हा त्यांचा शिरस्ता. घसा धरला, दाढ ठणकली की गल्लीही त्यांच्याकडेच येई. ते प्रत्येकाला दोन गोळ्या देत आणि बजावत, "जास्त खाऊ नका, गरम पडतात."

अंगठा मात्र आठ दिवसांत वांग्यासारखा टरारला. गोळ्यांच्या पट्ट्या तीनदा बदलून झाल्या, तरी सूज मनगटाकडं सरकली. शेवटी त्यांच्या पत्नीनं, नीलम्मांनी, त्यांना एसटीत बसवून उमरग्याला डॉक्टर दीपमालांकडं नेलं. डॉक्टरांनी पू काढून सोलापूरला तपासायला पाठवला.

चौथ्या दिवशी सकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. चौदा औषधांची नावं होती. तेरांपुढं इंग्रजी 'आर' आणि एकापुढं 'एस'. चन्नबसप्पांनी तो दोनदा वाचला आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

"आर म्हंजे रामबाण," ते म्हणाले. "तेरा औषधं रामबाण हायत. एस म्हंजे साधं असंल."

"इंग्रजी रिपोर्टात रामबाण कुठनं आला?" नीलम्मांनी विचारलं.

"इंग्रजीत बी ते आरनंच लिवतात."

त्यांनी डबा उपडा केला. तेरांपैकी नऊ रामबाण घरातच निघाले. उरलेले चार आणायला ते औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार शिवपुत्रनं मोबाइल हातात घेतला, वाचला आणि हलकेच काउंटरवर ठेवला.

"अण्णा, आर म्हंजे ते औषध तुमच्या जंतूवर चालत न्हाय. ह्या तेराला त्यो दाद देत न्हाय."

"आन् एस?"

"ते एकच चालतंय. तुम्ही उमरग्याला निघा आता."

चन्नबसप्पा नीलम्मांना घेऊन एसटी स्टँडवर पळाले. एसटीत त्यांनी अंगठा वर धरला होता. कंडक्टरला वाटलं, म्हातारा खुशीत आहे.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि आधी काय काय घेतलं ते विचारलं. "दोन गोळ्या," चन्नबसप्पा म्हणाले. मग नीलम्मांनीच डब्याची सगळी हकीगत सांगितली.

"अर्धवट औषध घेतलं की चिवट जंतू उरतात आणि तेच वाढतात," डॉक्टर म्हणाल्या. "आता हे एकच इंजेक्शन राहिलंय. शिरेतून, सात दिवस. ते चाललं तर अंगठा वाचेल."

"आन् न्हाय चाललं तर?"

"नवीन औषधं रोज निघत नाहीत, काका," एवढंच डॉक्टर म्हणाल्या.

दवाखान्यातल्या खाटेवर पहिले दोन दिवस चन्नबसप्पा अंगठ्यावरची नजर काढेनात. उजवा अंगठा गेला तर पातेल्यावर टिचकी मारून गिऱ्हाइकाला आवाज कसा ऐकवायचा, याच काळजीनं त्यांना जेवण जाईना. त्यात गल्लीची चिंता. आपण कुणाकुणाला गोळ्या वाटल्या, ते आठवून ते नीलम्मांना एकेकाला फोन करायला लावत. समोरच्या बानूबाईंनी सांगितलं, "म्या एकच खाल्ली. दुसरी शेळीला दिली, ती खोकत हुती."

तिसऱ्या दिवशी सूज उतरली. चन्नबसप्पांनी अंगठा हलवून पाहिला आणि म्हणाले, "बरं वाटतंय. जाऊ आता घरी."

नीलम्मांनी त्यांच्या चपला पिशवीत घातल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि चार दिवस तिथून हलल्या नाहीत.

सातव्या दिवशी डॉक्टर एक कागद घेऊन आल्या. सोलापूरच्या एका कॉलेजात मातीतल्या जंतूंपासून नवीन औषध शोधायचं काम चालू होतं. ते औषध तपासून बघायला तिथल्या लोकांना असाच दांडगा जंतू हवा होता. काकांची परवानगी असेल, तर त्यांचा जंतू तिथं सांभाळणार होते.

"जित्ता ठेवणार?" चन्नबसप्पांनी घाबरून विचारलं.

"बर्फाहून गार पेटीत. कुलपात."

त्यांनी नुकताच बरा झालेला अंगठा जपत सही केली. पण मनाला स्वस्थता नव्हती. दर सोमवारी ते कॉलेजात फोन लावू लागले. तिथली मुलगी अदबीनं सांगायची, "नाही काका, आज औषधांचे अकरा नमुने लावले. कशानंच मेला नाही." फोन ठेवल्यावर ते तो आकडा नीलम्मांना सांगत. काळजी होतीच, पण आवाज थोडा भारदस्त झाला होता, हे नीलम्मांच्या ध्यानात आलं.

श्रावणात अक्कलकोटहून पाहुणे आले. चहा झाला, ख्यालीखुशाली झाली. मोठ्या वन्संनी विचारलं, "आमच्या दादाची तब्येत कशी हाय?"

"ह्यांचं बरं हाय आता," नीलम्मा म्हणाल्या. "जंतू सोलापूरला असतो, कॉलेजात."