गुलगुलचा बाप्तिस्मा

बाळाचं डोकं ओलं होतं.

नुसतं ओलं असतं तरी चाललं असतं. टाळूवरून निघालेलं पाणी कानामागून मानेत, मानेतून झबल्यात आणि झबल्यातून दुपट्यात उतरलं होतं. बाळ मात्र गळक्या घरातल्या जुन्या भाडेकरूसारखं सोशिकपणे छताकडे बघत पडलं होतं.

आई गॅलरीत लंगोट वाळत घालायला काय ती गेली होती. एरवी ती बाळावरची नजर काढत नसे. भाजी ढवळताना ती मान वळवून पाळण्याकडे बघे, आंघोळीला गेली तर दार किलकिलं ठेवी, आणि बाळ गाढ झोपलं की श्वास चालू आहे ना म्हणून त्याला हलवून उठवी. अशा बाईनं जरा पाठ फिरवली, तर हे.

पाळण्याशी थोरली उभी होती. वय वर्षं सात, पण प्रत्येक गोष्टीत मुद्दा काढायची सवय, म्हणून घरात तिचं नाव वकीलबाई. तिनं डोक्यावरून आईची पांढरी ओढणी घेतली होती आणि हातात दुधाचा कप होता, रिकामा. तिच्यामागे धाकटा ढब्बू न पेटवलेली मेणबत्ती दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता.

"काय केलंत तुम्ही?" आईचा आवाज चिरकला.

"मी काही नाही केलं," ढब्बू लगेच म्हणाला. घरात काहीही झालं की त्याचं पहिलं वाक्य हेच असे.

"बाप्तिस्मा केला," वकीलबाई म्हणाली. "मेणबत्ती पेटवली नाही. काडेपेटीला हात लावायचा नाही असं तूच सांगितलंयस."

बाळाचा बाप्तिस्मा रविवारी होता. आज शुक्रवार. हॉल ठरला होता, केक सांगून झाला होता, धर्ममाता नवा ड्रेस शिवून परगावाहून निघालीसुद्धा होती.

"अगं, पण का?"

"तो शिंकला." वकीलबाईनं बोटांवर मोजत मुद्दे मांडायला घेतले. "काल शिंकला तेव्हा तू फोनवर मावशीला म्हणालीस, हा शिंकला की माझा जीव जातो, याचं काही खरं नाही. आणि फादरनी वर्गात सांगितलं, जीवाला धोका असेल आणि फादर जवळ नसतील, तर कुणीही बाप्तिस्मा करू शकतं. फादर जवळ नव्हते. तू पण नव्हतीस."

 आईनं बाळाला उचललं, पुसलं, कोरडं झबलं घातलं, आणि मग एकदम तिच्या मनात ते आलं.

"नाव काय ठेवलंस?"

"गुलगुल."

गुलगुल हा मासा होता. काचेच्या बरणीत राहायचा, आणि गेल्या महिन्यात एका सकाळी तो पोट वर करून तरंगताना सापडला होता. त्याच्यासाठी वकीलबाई दोन दिवस रडली होती.

"माशाचं नाव?"

"आजी म्हणते ना, घरातलं जे गेलं त्याचं नाव बाळाला ठेवायचं. मग आपल्यातलं शेवटचं कोण गेलं?"

आजी, म्हणजे सासूबाई, हे म्हणत होत्या ते आपल्या यजमानांबद्दल. मामंजींना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि बाळ पोटात असल्यापासूनच त्याला आजोबांचं नाव ठेवायचं हे सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. कुणी नाही म्हणालं नव्हतं. आईच्या मनात दुसरंच एक नाव होतं. शाळेत असल्यापासून तिनं ते जपून ठेवलं होतं. बाळाला पाजताना, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, ती ते त्याच्या कानात हळूच म्हणे. त्यापुढे जायची तिची छाती नव्हती. आणि आता आजोबाही राहिले, तिचं नावही राहिलं, आणि मध्येच मासा घुसला.

सासूबाई देवळासारख्या शांत चेहऱ्यानं आतल्या खोलीत रोझरीची माळ जपत होत्या. आईनं दार ओढून घेतलं आणि नवऱ्याला फोन लावला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं.

"हां, बोल लवकर, गिऱ्हाईक आहे."

तिनं सांगितलं. पलीकडून चष्मे पुसायच्या फडक्यात तोंड दाबून हसल्याचा आवाज.

"हसताय काय? बाप्तिस्मा एकदाच होतो! तो लागू झाला असेल तर रविवारी काय करायचं?"

"परत करायचा. कुणाला कळतंय?"

"देवाला!"

"देवानं आत्ताच पाहिलंय ना सगळं? मग त्याला समजून घेऊ दे. काका, वरची ओळ वाचा. तुला नाही म्हणत गं." आणि त्यानं फोन ठेवला.

मग आईनं जे करू नये ते केलं: मोबाईलवर शोधलं. मुळात घाबरलेल्या माणसानं मोबाईलवर काही शोधू नये. एका ठिकाणी लिहिलं होतं की पाणी आणि शब्द बरोबर असतील तर झालेला बाप्तिस्मा कुणालाही पुसता येत नाही, पोपनासुद्धा. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं की जाणूनबुजून दुसऱ्यांदा करणं हे पाप. तिसऱ्या ठिकाणी मात्र आशेचा किरण दिसला. पाणी एकानं ओतलं आणि शब्द दुसऱ्यानं म्हटले, तर तो बाप्तिस्मा धरत नाहीत.

तिनं ढब्बूला स्वयंपाकघरात नेलं आणि बिस्किटांचा डबा उघडला.

"ढब्बूराजा, पाणी तूच ओतलंस ना?"

"नाही."

"आई रागावणार नाही. उलट आईला आनंद होईल. थोडंसं तरी? कपाला हात लावला असशील?"

ढब्बूनं बिस्किटाकडे बघितलं, आईकडे बघितलं. या घरात काही सांडलं तर आपल्याला आनंदानं विचारलं जात नाही, एवढा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

"ताईनं ओतलं. मी नुसता धर्मपिता होतो," तो म्हणाला, आणि बिस्कीट घेऊन गेला.

शनिवारी सकाळी आई बाळाला आणि दोघा मुलांना घेऊन निघाली तेव्हा तिचे डोळे रात्रभर शिवण उसवत बसल्यासारखे झाले होते. "मुलांना बूट घ्यायचेत," असं तिनं घरात सांगितलं, फादरांचं नाव काढलं नाही. सासूबाई चप्पल घालून दारातच उभ्या.

"वाटेत चर्च लागतंच. मला फादरांशी जरा बोलायचंय."

"उद्या बोला की."

"उद्याचं काम नाही ते."

आता बूट आणि फादर एकाच रस्त्यावर असल्यानं आईचा नाइलाज झाला. वाटभर सासूबाई गप्प होत्या. त्यामुळे आईची खात्रीच पटली की त्यांना सगळं कळलंय.

फादरांच्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, पाण्यानं भरलेला पेला आणि खिडकीत एक लठ्ठ, मिशाळ, त्रासलेल्या चेहऱ्याचा बोका होता. हा बोका कुणाच्या हाकेला येत नसे, फादरांच्याही नाही.

"आधी तू बोल," सासूबाई सुनेला म्हणाल्या. सुनेलाही बोलायचंय हे ठाऊक असल्यासारखा तो आवाज आईला फासासारखा वाटला. तिनं डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. कप, ओढणी, मासा. 'मासा' म्हणताना तिनं सासूबाईंकडे बघितलं नाही.

फादर खुर्चीत सावरून बसले. "वकीलबाई, काय शब्द म्हणालीस?"

वकीलबाई उभी राहिली, हात जोडले आणि स्वच्छ म्हणाली, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते."

"शाब्बास!" फादरांच्या तोंडून निघून गेलं. वर्गात गेले कित्येक महिने एवढं कुणी लक्ष देतंय असं त्यांना वाटलं नव्हतं. मग त्यांना आपण कुठल्या कामासाठी बसलोय ते आठवलं. "हां. आणि पाणी? डोक्यावरून वाहिलं का?"

"झबल्यात गेलं."

"खेळत होतीस का?"

"नाही, फादर. तो मरत होता."

"शिंकत होता!" आई कळवळून म्हणाली.

"तूच म्हणालीस काही खरं नाही."

फादरांनी चष्मा काढून कपाळ चोळलं. "शब्द बरोबर, पाणी बरोबर, मनही बरोबर. मला वाटतं, हा..."

"थांबा फादर," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. "एकदा झाला की पुढचा धरत नाहीत ना?"

"नाही धरत."

"मग पोरीचा धरू नका."

फादरांनी काढलेला चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"हॉस्पिटलात असताना," सासूबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, दिव्याखाली ठेवू. ही नुसती रडत होती. म्हणत होती, काही खरं नाही. म्हटलं, ही म्हणते तर नसेलच. नर्स बाहेर गेली तशी नळाखाली ओंजळ धरली न् करून टाकला. तेच सांगायला आले होते. उद्या सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा पाणी घातलं असतं तर मला मेणबत्ती धरवली नसती."

आई बघतच राहिली. महिनाभर ज्या बाईसमोर तिनं बाळाला नीट शिंकूही दिलं नव्हतं, ती बाई तिच्याहून घाबरट निघाली होती.

"म्हणजे माझा फुकट गेला?" वकीलबाई म्हणाली.

"फुकट नाही गं, उशिरा झाला," फादर म्हणाले. त्यांचा आवाज आता जरा थरथरत होता, आणि तो रागानं नव्हे. "रविवारी या. तेल लावायचंय, पांढरं वस्त्र घालायचंय, मेणबत्ती आहे, प्रार्थना आहेत. फक्त पाण्याची गरज नाही. आणि नाव अजून ठरायचंय. नावाचा बाप्तिस्म्याच्या शब्दांशी संबंध नसतो. माशाची काळजी नको."

आईनं इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. आता उद्या सगळं सुरळीत, बाळाला आजोबांचं नाव, आणि तिचं ते दुसरं नाव कायमचं बाळाच्या कानात राहणार. चालेल. आत्ता तिला काहीही चाललं असतं.

"ढब्बू कुठंय?" ती एकदम म्हणाली.

ढब्बू खोलीत नव्हता. बोकाही खिडकीत नव्हता. बाहेर व्हरांड्यात झाडांना पाणी घालायची झारी आडवी पडली होती, आणि तिथून ढब्बूचा आवाज आला. तो आजोबांना हाक मारत होता. नावानं, आडनावासकट.

सासूबाईंचा हात छातीवर गेला.

आणि दारातून ठिबकत, मिशांतून पाणी गाळत, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी हाकेला ओ देत, बोका आत आला. मागून ढब्बू.

"मी काही नाही..." त्यानं सवयीनं सुरुवात केली, पण मग त्याला आठवलं की आज आपण चांगलं काम केलंय. "आजी, तुझं काम झालं. बाळाचं परत होत नाही ना, म्हणून मी याला आजोबांचं नाव दिलं. तीनदा ओतलं. शब्द पण मीच म्हटले."

आईला वाटलं, जमिनीनं आता तरी दुभंगावं. "अरे, माफी माग! आजीची माफी माग आधी!"

सासूबाई उठल्या नाहीत. त्या बोक्याकडे बघत होत्या. बोका त्यांच्याकडे बघत होता. ओल्या कपाळाखालून, जाड भुवयांमधून, जेवायला उशीर झाल्यासारखा.

"फादर, हा धरतात का?" त्यांनी हलकेच विचारलं.

"जनावराचा नाही धरत."

"नक्की?"

"नक्की, आजी."

"चेहरा मात्र..." सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आईला आधी वाटलं, त्या रडताहेत. "चेहरा अगदी तोच! एवढंच की ते कधी हाकेला आले नाहीत."

फादरांनी खोकत रुमाल तोंडावर धरला. तो खोकला बराच वेळ चालला.

सासूबाईंनी डोळे पुसले. "बरं, आता एक सांगते. उद्यापासून हा चोर आजोबांचं नाव घेत या बोक्यामागे धावणार. त्याच नावानं मी नातवाला कशी हाक मारू? दोघंही आले तर? नाव तू सांग, सूनबाई."

"मी?"

"रोज पाजताना त्याच्या कानात काय पुटपुटतेस? माझे गुडघे दुखतात, कान नाहीत."

आईचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत ते नाव तिनं मोठ्यानं कधी उच्चारलं नव्हतं. तिनं ते उच्चारलं, अडखळत, जणू उसनं मागतेय. सासूबाईंनी ते तोंडात घोळवलं, एकदा हळू, एकदा स्वयंपाकघरातून हाक मारल्यासारखं.

"बरंय," त्या म्हणाल्या. "माशापेक्षा बरंय."

एवढ्यात मांडीवरचं बाळ जागं झालं, नाक आक्रसलं, आणि शिंकलं.

सगळे थबकले. वकीलबाईची नजर सावकाश बाळावरून टेबलाकडे वळली. सासूबाईंचीही. तिथं पाण्यानं भरलेला पेला होता.

आईनं बाळाला एका हातावर घेतलं, दुसऱ्या हातानं पेला उचलला आणि त्या दोघींच्या डोळ्यांत बघत सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.