मोकल सरांची ऊर्जाबचत

इंद्रजीत मोकल सरांना कोणी आळशी म्हटलेलं खपत नसे. ते कष्टाळूच होते. फक्त व्यायामाच्या बाबतीत त्यांचे कष्ट तिसऱ्या दिवसापलीकडे टिकत नसत, इतकंच. पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात एकवीस वर्षं फिजिक्स शिकवताना त्यांच्याकडे दोन सायकली, उड्या मारायची एक दोरी आणि एका जिमचं आजन्म सभासदत्व जमा झालं होतं. जिम केव्हाच बंद पडली. सर अजून होते.

"या वेळी मात्र तीस दिवस," एका संध्याकाळी त्यांनी करंजाड्यातल्या आपल्या सोसायटीच्या गेटवर जाहीर केलं. "रोज संध्याकाळी सहा ते सातच्या आत चाळीस मिनिटं चालणार. एकही खाडा नाही."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला काशिराम घरत बसले होते. एसटीतून निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं ते सोसायटीचे सेक्रेटरी. कोणाचं पाणी गेलं, कोणाच्या कुंडीतला चिखल कोणाच्या वाळवणावर पडला, कोणाच्या गाडीला कोणाची गाडी घासली, सगळं त्यांच्या डोक्यावर. हे पद दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात बांधायला ते टपलेले होते, आणि सात मजल्यांवरचा एकूण एक गळा त्यांना पाहून आखडत होता.

"खाडा झाला तर?" त्यांनी विचारलं.

"होणारच नाही."

"झालाच, तर सेक्रेटरी तुम्ही."

सरांनी उत्साहाच्या भरात हात पुढे केला. घरी येऊन त्यांनी ही बातमी दिली तेव्हा त्यांच्या पत्नी निशाबाईंनी आधी गॅस बारीक केला आणि मग फक्त एवढंच विचारलं, की लेखी काही दिलंय का.

पहिले तीन दिवस सर वाऱ्यासारखे चालले. चौथ्या दिवशी सहाला फिरायला निघताना एका पायात बूट घालून ते दुसरा बूट हातात घेऊन बसले आणि बसल्या बसल्या झोपले. पावणेसातला निशाबाईंनी हलवून उठवलं नसतं तर पंपरूमच्या किल्ल्या त्याच रात्री घरी आल्या असत्या. नियमात 'सातच्या आत सुरुवात' असा अर्थ बसतो हे काशिरामांना पटवून सर निघाले खरे, पण चालता चालता त्यांच्या मनात एक सिद्धांत तयार झाला. आपल्याकडे इच्छाशक्ती भरपूर आहे. अडचण पुरवठ्याची आहे. ऊर्जा निर्माण करता येत नाही, तेव्हा ती वाचवली पाहिजे.

फिजिक्स म्हणून यात चूक काही नव्हती. सरांच्या शरीराला मात्र फिजिक्स कोणी शिकवलं नव्हतं.

त्यांनी आलेखवहीत दिवसभराची गळती मांडली. बादली उचलणे, बरणीचं झाकण उघडणे, फळ्यावर लिहिणे, दोन जिने चढणे, रिक्षावाल्याशी वाद. संध्याकाळी सहापर्यंत हे सगळं बंद! फळ्यावर मुलं लिहू लागली. सर खुर्चीतून शिकवू लागले. दुपारी दोनला घरी आले की सोफ्यावर आडवे व्हायचे आणि गरज पडली तर बोटानेच खुणा करायचे. पाण्याचा पेला निशाबाईंनी ओठांशी धरावा असा त्यांचा आग्रह नव्हता, पण धरला तर हरकत नव्हती.

आणि गंमत म्हणजे, हे लागू पडलं. सहाच्या ठोक्याला सर असे सुटायचे की कोपऱ्यावरची कुत्री अंग चोरून बाजूला व्हायची. दुपारी दोन-दोन तास लोळल्यावर कोणीही असाच पळेल, असं निशाबाईंचं मत होतं. त्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळच्या पाळीत काम करत आणि पुराव्याशिवाय बोलत नसत. पण यशस्वी माणसाला पुरावा ऐकवून उपयोग नसतो.

आता घोटाळा कुठे झाला पाहा. त्यांच्याकडे झाडूपोछाला ठमाबाई यायच्या, त्या दुपारी. त्यांनी ओळीने आठ दिवस हा धट्टाकट्टा गृहस्थ सोफ्यावर निपचित पडलेला पाहिला. नवव्या दिवशी सरांनी त्यांना पेपरचं पान उलटून द्यायला सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर भांडी घासताना ठमाबाईंनी सहज म्हटलं, "सरांच्या अंगात काय ताकद रायली नाय बिचाऱ्यांच्या." त्या बोलल्या ते एवढंच. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचा अशक्तपणा झाला, पाचव्यावर ब्लॉकेज झालं आणि सातव्यावर सरांच्या ऑपरेशनची पुण्याला तारीखसुद्धा ठरली.

बरं, संध्याकाळी सर गाडीसारखे पळताना दिसायचे त्याचं काय? त्याने तर खात्रीच पटली. हार्ट पेशंटला डॉक्टर चालायलाच लावतात.

घराबाहेर खरं काय ते एकट्या काशिरामांना ठाऊक होतं. कोणी विचारलं की ते आभाळाकडे बघत आणि म्हणत, "आपण काय सांगणार बुवा."

अशा रीतीने तिसावा दिवस उजाडला. संध्याकाळी साडेपाचला बेल वाजली. दारात सरांची आत्या, भीमाबाई, उरणहून एसटीने आलेली. हातात डबा. डब्यात निवट्यांचा रस्सा. खाडीच्या चिखलातल्या या माशाने मेलेला माणूसही उठून बसतो, अशी उरणच्या कोळीवाड्याची श्रद्धा आहे.

"मला कोनी सांगितला पन नाय," असं म्हणत आत्याने डोळे पुसले आणि दाराला लागून स्टूल टाकून बसकण मारली. सरांनी आपल्याला काही झालेलं नाही असं सांगितल्यावर तिने निशाबाईंकडे पाहून मान हलवली. पेशंट असंच म्हणतो.

पावणेसहाला दुसऱ्या मजल्यावरचे जगन भोईर सहकुटुंब आले, शहाळी घेऊन. त्यांच्यामागे मोसंबी आली, ग्लुकोजची बिस्किटं आली, शेंगदाण्याचे लाडू आले. सहापर्यंत हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. सर बूट घालायला वाकले तर चौघांनी त्यांना धरून सोफ्यावर आडवं केलं. जगन भोईर मायेने पंख्याचा वेग वाढवून म्हणाले की एवढी लोकं आजच कशी आली म्हणाल, तर ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज होता: 'मोकल सरांना भेटायची वेळ सायं. सहा ते सात.'

सरांना काशिरामांचा डाव आता दिसला. घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. ते ताडकन उठले, गर्दीतून वाट काढत दाराशी पोचले, आणि तिथे आत्या होती.

"आमी उरणवरनं तुला बगायला आलो," ती स्टुलावरून न हलता म्हणाली, "नि तू फिरायला चाललास?"

सर मागे फिरले. आणि मागे फिरता फिरता त्यांच्या लक्षात आलं की आपण चालतोय. नियमात चालायचं म्हटलं होतं. कुठे, ते म्हटलं नव्हतं!

सोफा, टीव्ही, मोसंबी, आत्या, पुन्हा सोफा. एक फेरी अकरा पावलांची. पहिल्या चार फेऱ्या लोकांनी नुसत्या पाहिल्या. पाचवीला जगन भोईरांनी आधारासाठी सरांचं कोपर धरलं. मग दुसऱ्या बाजूने कोणीतरी धरलं, आणि पेशंटला एकटं सोडू नये म्हणून मागे आणखी पाचसहा जण चालू लागले. बायकांनी मुलांना कडेला ओढलं. आत्या दर फेरीला एक चमचा रस्सा सरांच्या तोंडात घालत होती आणि जिवाची घालमेल होतेय लेकराच्या, असं सगळ्यांना सांगत होती. निशाबाई मनगटावरच्या घड्याळात मिनिटं मोजत होत्या. लग्नानंतर प्रथमच त्या सरांच्या एखाद्या प्रयोगात सामील झाल्या होत्या.

पावणेसातला काशिराम वर आले. हातात नारळ, चेहऱ्यावर सहानुभूती. समोरची मिरवणूक पाहून ते उंबऱ्यातच थबकले.

"चाळीस पूर्ण," निशाबाई म्हणाल्या.

सर सोफ्यावर कोसळले. महिनाभराची बचत, वर निवट्यांचा रस्सा, सगळं एका बैठकीत खर्च झालं होतं. पण ते जिंकले होते. काशिरामांनी निशाबाईंचं घड्याळ पाहिलं, जगन भोईरांची साक्ष काढली आणि खाडा झाला नाही हे दिलदारपणे मान्य केलं. मग त्यांची नजर हॉलभर फिरली. ओठ हलू लागले. ते माणसं मोजत होते.

"बत्तीस फ्लॅट, आणि सर सोडून एकोणतीस सभासद हजर," ते हळूच म्हणाले. "नऊ वर्षांत माझ्या एकाही मीटिंगला कोरम भरला नव्हता."

त्यांनी नारळ टीव्हीशेजारी ठेवला, घसा साफ केला आणि नवा सेक्रेटरी निवडायची सभा तिथल्या तिथे सुरू केली. पैज संपली होती, आता ही निवडणूक. बाराशे चौरस फुटांच्या घरात सलग चाळीस मिनिटं चालणाऱ्या माणसाइतकी एनर्जी सोसायटीत आणखी कोणाकडे आहे, एवढाच त्यांचा सवाल होता. एकोणतीस हात वर गेले. आपण एका अत्यवस्थ माणसाला निवडून देतोय, ही अडचण कोणाला जाणवली नाही.

विरोध करायचा तर सरांना हात वर करावा लागणार होता. त्यांनी मनापासून प्रयत्न केला. हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"सरांचाही होकार," काशिरामांनी वहीत लिहिलं. "तीस."

आत्यानेही हात वर केला होता. तो मात्र त्यांनी मोजला नाही. ती सोसायटीची सभासद नव्हती.