सर्जेराव साळिंदराचा अर्धा गुण

एका जंगलात, मुलांनो (कोणत्या ते विचारू नका, सांगितलं तर तिथेही जाऊन मतं मांडाल), सर्जेराव नावाचा साळिंदर राहत होता. त्या जंगलात पाणवठा दोन मैलांवर होता, पण मोबाइल बिळाबिळात होता. त्यामुळे सगळ्यांचं बरं चाललं होतं.

सर्जेराव जपानी अ‍ॅनिमे बघायचा. बाकीचं जंगल त्याला कार्टून म्हणायचं. तसं कोणी म्हटलं की सर्जेरावच्या अंगावरचे काटे ताठ उभे राहत. "कार्टून नव्हे, अ‍ॅनिमे," तो म्हणायचा, आणि पुढचा पाऊण तास म्हणतच राहायचा. ससे तर तो दिसला की पाणी न पिताच माघारी फिरत.

त्याचा एक नेम होता. कोणत्याही मालिकेचे तीन भाग बघायचे, तिनातच तिची नाडी ओळखायची आणि पाणवठ्यावरच्या उंबराच्या बुंध्यावर दहापैकी गुण कोरायचे. कोरायला स्वतःचाच काटा. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या पोरांच्या मालिकेला त्याने चार दिले, कारण एकदा उडालेला चेंडू खाली यायला दोन भाग लागले. यंत्रमानवांच्या मालिकेला पाच. यंत्रं झकास, पण आत बसलेली पोरं लढायचं सोडून बापाच्या नावाने रडत बसतात. स्वयंपाकाच्या मालिकेत एक घास खाल्ला की ज्याला त्याला आपलं लहानपण आठवायचं. सर्जेरावने मुद्दाम एक कंद खाऊन बघितला. पोट भरलं, लहानपण काही आठवलं नाही. दोन गुण.

तलवारबाजांच्या मालिकेला मात्र नऊ. तिच्यातला नायक वार करण्याआधी वाराचं नाव ओरडून सांगतो, हे सर्जेरावला फार पटलं होतं. एकदा तरस अंगावर आला तेव्हा त्यानेही आपल्या वाराचं नाव जपानीत सांगायला घेतलं. नाव लांबलचक होतं. तरस ऐकता ऐकता खाली बसला, मग कंटाळून निघून गेला. सर्जेराव याला आपला विजय मानायचा. आणि तो विजयच होता, हसू नका.

मालिका मूळ जपानीतच बघायची, खालची अक्षरं वाचत, असा त्याचा आणखी एक हट्ट. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांनी बघूच नये, असं तो एकदा भर सभेत म्हणाला. जंगलात अक्षरं येणारे तिघेच होते. त्यातलं घुबड दिवसा झोपायचं. उरली एकटी बायजाक्का.

बायजाक्का म्हणजे शेजारच्या बिळातलं खवल्या मांजर. वयाने मोठी, बोलायला थोडी. रोज दुपारी मुंग्यांचा चिवडा घेऊन ती सर्जेरावच्या बिळात यायची. दोघं मिळून बघायची. म्हणजे ती बघायची आणि तो थांबवायचा. "थांब अक्का, ही पाकळी उगाच नाही पडली. हिच्यात अर्थ आहे." मग तो अर्थ पाव तास चालायचा. चिवडा संपायचा, भाग संपायचा नाही.

हळूहळू ती येईनाशी झाली. आधी पाय दुखतो म्हणाली. मग काहीच म्हणेना. सर्जेराव एकटा बघू लागला. सवयीने पडदा थांबवायचा, शेजारी वळायचा, आणि शेजारी कोणी नसायचं. त्याला फार वाईट वाटायचं. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो.

एके दुपारी बायजाक्काच्या बिळातून गाणं ऐकू आलं. सर्जेरावने ते तत्काळ ओळखलं. 'कंदील आणि करकोचा'. सात वर्षांपूर्वी याच मालिकेला त्याने दहापैकी अर्धा गुण दिला होता. उंबरावर तो अजून होता. त्यामुळे सात वर्षांत जंगलातल्या एकाही प्राण्याने ती बघितली नव्हती.

तो तडक बिळाच्या तोंडाशी गेला.

"अक्का, हे काय बघतेस? हिला शेंडा ना बुडखा. पहिल्याच भागात ती मिनेको ढसाढसा रडते. कोणासाठी, तर करकोच्यासाठी. करकोचा कोण, कुठला, काही पत्ता नाही."

बायजाक्काने चिवड्याचा बकाणा सावकाश संपवला. "सर्जा, तू ही पहिल्यापासून बघितलीस?"

"म्हणजे काय? भाग एक, दोन, तीन."

"दुसऱ्या पर्वाचे," बायजाक्का म्हणाली. "पहिल्या पर्वाचं नाव नुसतं 'कंदील'. बारा भाग आहेत. करकोचा त्यात आहे. त्यानेच तर पोरीला वाढवलं."

सर्जेराव गप्प झाला. तो गप्प झाला, हे जंगलात पहिल्यांदाच घडत होतं, आणि बघायला नेमकं कोणी नव्हतं. सात वर्षं त्याने दुसरं पर्व पहिलं समजून अख्ख्या जंगलाला अक्कल शिकवली होती.

"तू मला का नाही बोलावलंस?" तो शेवटी म्हणाला.

"मला एकटीने बघायला आवडत नाही रे. पण तुझ्याबरोबर बघायला त्याहून आवडत नाही."

हे त्याला फार लागलं. तो घरी गेला, एक भलंमोठं रताळं घेऊन आला आणि म्हणाला, "हे तोंडात धरून बसतो. एक शब्द बोलणार नाही."

आणि खरंच बोलला नाही. बारा दुपारी, बारा भाग. अर्थ असलेल्या शेकडो पाकळ्या पडल्या, तो रताळं चावत राहिला. बाराव्या भागात करकोचा गेला. मिनेकोने कंदील विझवला. सर्जेराव इतका रडला की त्याचे बावीस काटे गळून पडले. बायजाक्काने ते गोळा केले आणि त्यातला एक त्याच्या हातात दिला.

"जा, उंबरावर खरं काय ते लिहून ये," ती म्हणाली. "उद्यापासून दुसरं पर्व बघू, मग तिसरं. बरोबर बघू."

सर्जेराव निघाला तो खरं लिहायलाच. देवाशपथ सांगतो. पण पाणवठ्यावर गर्दी होती. कोल्हा होता, ससे होते, तरससुद्धा होता. "सर्जेराव, काय बदलताय?" कोल्ह्याने विचारलं. सगळे बघत होते. सर्जेरावने अर्धा गुण खोडला, दहा कोरले, आणि खाली जे लिहिलं ते सगळ्यांना मोठ्याने वाचूनही दाखवलं: 'ही मालिका काळाच्या पुढे होती. जंगलाला कळायला सात वर्षं लागली. मी तेव्हाच म्हणालो होतो.'

"हो, म्हणाले होते," ससे म्हणाले. सशांना कालचंही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बायजाक्का पाणी प्यायला गेली. तिला वाचता येत होतं. तिने बुंध्यावरचं सगळं वाचलं. घरी आली, आत गेली आणि बिळाच्या तोंडाशी धोंडा लावून घेतला.

सर्जेराव रोज दुपारी तोंडात रताळं धरून धोंड्याबाहेर बसू लागला. आतून गाणं यायचं. आठवडा गेला, दुसरा गेला. पंधराव्या दिवशी धोंडा चार बोटं सरकला. फटीतून पडदा दिसला, आणि मुंग्यांचा मूठभर चिवडा बाहेर आला.

सर्जेरावचा ऊर भरून आला. चिवडा खायचा म्हणून त्याने तोंडातलं रताळं काढलं. पडद्याकडे बघितलं. तोंड रिकामंच होतं.

"अक्का," तो म्हणाला, "तिसऱ्या पर्वात चित्रं जरा घाईत काढलीयत, नाही?"

धोंडा पुन्हा आपल्या जागी बसला.

तात्पर्य: मुलांनो, आपली चूक कधी कबूल करू नये. सात वर्षं थांबावं, म्हणजे तिचीच दूरदृष्टी होते. दूरदृष्टीवाल्याला शेजार राहत नाही, तेवढं सोसावं. आणि तिसऱ्या पर्वातली चित्रं घाईतच काढली आहेत. मी धोंड्याच्या फटीतून स्वतः बघितली.